दम, दमा आणि धाप: स्टिरॉइडवर असलेल्या एका बाईंचं प्रकरण

चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘स्टिरॉइड चालू. दम लागतो. सर्व तपासण्या नॉर्मल. व्यायाम द्यावा.’ श्वसनाच्या फिजिओथेरपीत अशा चिठ्ठ्या नेहमीच्या. पण बाईंबरोबर आलेली फाइल बोटभर जाड होती. सगळं नॉर्मल असलेल्या माणसाची फाइल एवढी जाड का होते, हा प्रश्न तिथेच पडला.

त्या ६२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. शाळेत सगळे बाई म्हणायचे, म्हणून इथेही बाईच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून हे प्रकरण मी एकाहून अधिक रुग्णांच्या अनुभवांतून जुळवलं आहे. आजाराची चाल आणि आकडे मात्र अशा रुग्णांत दिसतात तसेच ठेवले आहेत.

सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. सकाळी उठताना दोन्ही खांदे आणि मांड्या लाकडासारख्या व्हायच्या, तास-दीड तास मोकळ्या व्हायच्या नाहीत. केस विंचरायला हात वर जात नव्हता. रक्तातला दाह दाखवणारे दोन्ही आकडे चढलेले: ईएसआर ७८, सीआरपी ४६. संधिवाततज्ज्ञांनी निदान केलं पॉलिमायाल्जिया र्‍युमॅटिका. हा पन्नाशीनंतर होणारा दाहाचा आजार आहे. खांदे आणि कंबर यांच्या भोवतीचा भाग तो धरून ठेवतो आणि स्टिरॉइडला इतका चटकन उतरतो की तो उतार हाच निदानाला आधार ठरतो. बाईंना रोज सकाळी २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची वेणी घातली. ‘जादूच झाली,’ असं त्या अजून म्हणतात. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, तेव्हा बघणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार. दोनच वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. या औषधाची उधारी किती आहे ते नंतर हळूहळू कळत गेलं.

बाईंची उधारी नवव्या आठवड्यानंतर सुरू झाली. डोस १२.५ वर आणला तसं दुखणं उसळलं, मग २५ वर न्यावा लागला आणि पुढचे सहा-सात आठवडे २० ते २५ च्या दरम्यानच गेले. चेहरा गोल झाला. वजन ६३ वरून ७० किलोवर गेलं. झोप तुटायला लागली. आणि पाचव्या महिन्यात जिना चढताना आठव्या पायरीला कठडा धरून थांबावं लागू लागलं.

इथे पहिला घोटाळा झाला, तोही एका शब्दामुळे. बाई जवळच्या एका दवाखान्यात गेल्या आणि म्हणाल्या, ‘दम लागतो.’ तिथे ऐकलं गेलं ‘दमा.’ मराठीत ही दोन्ही दुखणी शेजारी राहतात, एका कान्याच्या अंतरावर. छातीला नळी लावली, घरघर नव्हती, तरी पंप लिहून दिला गेला. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या पंपाने धाप कमी झाली नाही. हात थरथरायला लागले, छातीत धडधड वाढली. बाई घाबरल्या की पंप घ्यायच्या, पंप घेतला की धडधड, धडधडीने आणखी घाबरायच्या. रक्तातलं पोटॅशियम ३.३ पर्यंत उतरलं होतं, ते नंतर समजलं. स्टिरॉइडही पोटॅशियम खाली नेतं आणि सालब्युटामॉलही. दोन्ही एकाच पाण्यात उतरले होते.

दुसरा घोटाळा बाईंनी स्वतः केला. पंप निरुपयोगी आहे म्हटल्यावर संशय उरला तो गोळीवर. ‘ही गोळी आल्यापासूनच हे सगळं सुरू झालं,’ हा त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून तर तो धोक्याचा होता. कुणाला न सांगता त्यांनी गोळी आधी निम्मी केली आणि सहाव्या दिवशी बंद केली. दोन दिवसांनी मळमळ, उलट्या, उभं राहिलं की अंधारी. रक्तदाब ९४/६०. खांदे परत लाकडाचे. आणि धाप? ती वाढलीच.

तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड चाललं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. बाहेरून मिळतंय तर कशाला राबायचं, असा त्यांचा हिशोब. गोळी अचानक थांबली की या झोपलेल्या ग्रंथी लगेच उठत नाहीत, आणि शरीर रक्तदाब, साखर, मीठ सांभाळायला तोकडं पडतं. यात जीवही जाऊ शकतो. बाईंना हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सलाइन मिळालं, चार दिवसांत घरी आल्या, गोळी पुन्हा सुरू झाली. घरी येताना बाईंना ऐकवण्यात आलं, ‘स्वतःच्या मनाने डॉक्टर होऊ नका.’ बोलणं खरं, पण उत्तर नव्हे. धापेचं कारण तर अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या भरतीत मात्र एक काम चांगलं झालं: जी कारणं सुटली तर जिवावर बेततात ती एकेक करून तपासली गेली. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाला धाप लागली की ‘स्टिरॉइडमुळे असेल’ हे वाक्य सगळ्यात शेवटी यावं, कारण ते वाक्य आलं की पुढचा विचार थांबतो. स्टिरॉइडवर असताना रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती फुप्फुसात गेली तर फक्त धाप हेच लक्षण असू शकतं. बाईंचं डी-डायमर, म्हणजे गुठळीचा संशय देणारा रक्तातला आकडा, वाढलेलं होतं. दाहाच्या आजारात ते तसंही वाढतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर काही ठरत नाही. सीटी अँजिओग्राफी केली, गुठळी नव्हती. त्याच सीटीत फुप्फुसांच्या ऊतीचा दाह किंवा संसर्गाचे डागही नव्हते. हृदयाचा इको चांगला, हृदयावरचा ताण दाखवणारं रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी मर्यादेत, म्हणजे अंगात साठलेल्या पाण्याचा भार हृदयावर आला नव्हता. हिमोग्लोबिन ११.८. अ‍ॅनिमिया म्हणावा तर काठावरचा. स्टिरॉइडबरोबर वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत पोटातून गुपचूप रक्त जात असू शकतं, म्हणून तेही विचारून घेतलं होतं. जेवणानंतरची साखर २१२ होती आणि उपाशीपोटी ९८. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपार-संध्याकाळी दिसतो, त्यामुळे फक्त उपाशीपोटी तपासलं तर फसगत होते. पोटॅशियम भरून काढलं, पंप बंद केला.

मग चिठ्ठी माझ्याकडे आली.

मी बाईंना विचारलं, ‘दम म्हणजे नेमकं काय होतं?’

‘म्हणजे दमच हो.’

‘धाप लागते, की श्वास पुरत नाही, की छातीवर काही ठेवल्यासारखं होतं?’

बाई थांबल्या. शिक्षिकेचा हा गुण असतो, प्रश्न आवडला तर त्या उत्तराला वेळ देतात. ‘हवा येते,’ त्या म्हणाल्या, ‘पण ओढायला ताकद पुरत नाही. आणि पाय आधी जातात, दम मागून येतो.’

चिठ्ठीत नसलेली सगळी माहिती या दोन वाक्यांत होती. मग मी खोदत गेलो. सपाट रस्त्यावर? हळू चालल्या तर पाऊण तास जमतं. जिना? आठवी पायरी. केस धुताना हात वर असतील तर? ‘तेव्हा तर फारच.’ चपलेचा पट्टा लावायला वाकलं की? धाप. रात्री उताणं झोपलं की? दोन उशा लागतात, कुशीवर बरं वाटतं. दुखतं का कुठे? ‘आता कुठे दुखत नाही, तीच तर गंमत आहे.’

त्यांना खुर्चीवरून उठायला सांगितलं. दोन्ही हात मांड्यांवर रोवून, पुढे झोका घेऊन, श्वास रोखून त्या उठल्या. हात छातीशी बांधून उठा म्हटलं तर पहिल्या प्रयत्नात परत बसल्या. ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, याची एक साधी चाचणी असते. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला १२ च्या खाली गेलं तर कमी समजतात. बाईंचे पाच झाले. बोटावरचा ऑक्सिमीटर सगळा वेळ ९७ दाखवत होता. सहा मिनिटं चालवून पाहिलं, तेव्हाही ९५ च्या खाली गेला नाही.

बाईंच्या मूळ आजारात दुखतं आणि आखडतं, पण स्नायूंची खरी ताकद सहसा जात नाही. स्टिरॉइडने होणाऱ्या स्नायूंच्या अशक्तपणात नेमकं उलटं: दुखत नाही, ताकद जाते, आणि तीही मांड्या, नितंब, खांदे या मोठ्या स्नायूंची. जागा त्याच, म्हणून गोंधळ होतो. बाईंचा ईएसआर आता १६ होता, म्हणजे आजार दबलेला. तरी उठवत नव्हतं. स्नायू फुटले की रक्तात वाढणारं सीपीके नॉर्मल होतं, आणि त्यामुळेच फाइलमध्ये ‘स्नायू ठीक’ असा शेरा पडला होता. स्टिरॉइडच्या अशक्तपणात सीपीके नॉर्मलच असतं, कारण स्नायू फुटत नाहीत, झिजतात. झटकन जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. तो शेरा लिहिणाऱ्याला दोष द्यावा असंही वाटत नाही, कागदावर ते पटण्यासारखंच दिसतं.

आणि श्वास ओढणारं श्वासपटल हाही स्नायूच. फुप्फुसं ठीक, भाता ढिला. हे ताडून पाहायला मी डॉक्टरांना फुप्फुसाची चाचणी बसून आणि झोपून अशी दोनदा करायची विनंती केली. बसून केलेली फुंक अपेक्षेच्या ८१ टक्के आली आणि उताणं झोपल्यावर त्यात आणखी १७ टक्के घट झाली. निरोगी माणसातही थोडी घट होते, एवढी सहसा नाही. जोर लावून श्वास ओढतानाचा दाब ४८ सेंटीमीटर पाणी आला. स्त्रियांमध्ये तो ७० च्या वर असला की श्वासाच्या स्नायूंचा मोठा अशक्तपणा बहुधा नाही असं धरतात. या आकड्यांत सात किलो वजनाचाही वाटा होता, पोटाचा घेर वाढला की झोपल्यावर तो श्वासपटलाला वर रेटतो. किती श्रेय कुणाचं हे वेगळं करता आलं नाही, आणि उपचारासाठी ते करायची गरजही नव्हती.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मला वाटलं घाबरल्या. तर म्हणाल्या, ‘म्हणजे मी नाटक करत नव्हते.’ घरात कुणी तसं म्हणालं होतं की त्यांनीच स्वतःला म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

आता काम दोन बाजूंनी होतं. खरा इलाज म्हणजे डोस उतरवणं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. संधिवाततज्ज्ञांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे दाह दाबणारं दुसरं औषध जोडलं, म्हणजे स्टिरॉइड कमी करताना आजार उसळू नये. त्याच वेळी त्यांनी बजावलं की मेथोट्रेक्सेटने क्वचित फुप्फुसाला दाह होतो, कोरडा खोकला आणि ताप घेऊन नवी धाप आली तर वाट न बघता लगेच दाखवायचं. धापेवरच्या उपायालाही स्वतःची धाप असू शकते, याची मला जरा गंमत वाटली. बाईंना वाटली नाही.

डोस उतरेपर्यंतचे महिने मात्र काढायचे होते, आणि तिथे माझं काम.

सगळ्यात आधी श्वास रोखायची सवय मोडली. कमजोर माणूस उठताना, वाकताना, उचलताना नकळत श्वास कोंडतो आणि मग एकदम धाप काढतो. आम्ही नियम केला: जोर लावायचा त्या क्षणी फुंकर. उठताना फुंकर, पायरीवर पाय टाकताना फुंकर, कपाटातलं काढताना फुंकर. ओठ चंबू करून, चहा निववतो तशी सावकाश. लक्ष श्वास सोडण्यावर ठेवायचं, घेणं आपोआप होतं. धापेत माणूस जास्तीत जास्त हवा आत ओढायच्या मागे लागतो, आतली बाहेर जायच्या आधीच नवी भरतो, आणि दमणारे स्नायू आणखी दमतात.

जिन्याला तिसरी पायरी झाली की थांबायचं ठरवलं. आठवीला नाही, तिसरीला, धाप लागण्याआधी. बाईंना हे पटेना. ‘एवढ्यात काय थांबायचं, लोक काय म्हणतील?’ पण आठव्या पायरीला थांबलं की सावरायला चार मिनिटं जात होती आणि तिसरीला थांबलं की दहा सेकंद. घड्याळ लावून दोनदा दाखवलं तेव्हा पटलं.

धाप लागलीच तर पुढे झुकून हात टेबलावर किंवा गुडघ्यांवर टेकायचे. हात टेकले की खांद्याचे आणि छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. हात वर असले की तेच स्नायू हातात गुंततात, म्हणून केस धुताना जीव जायचा. केस आता स्टुलावर बसून, एका वेळी एकच हात वर करून.

आणि हातात धरायचा छोटा पंखा. दिसायला खेळणं, पण नाक आणि ओठांभोवतीच्या त्वचेवर गार झोत आला की तिथल्या नसांकडून मेंदूला जो संदेश जातो त्याने श्वासाची ओढ कमी जाणवते. हे २०१० साली चाचणी घेऊन दाखवलं गेलं आहे. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, पाच मिनिटं. बाईंनी तो उशीखाली ठेवला. कारण त्यांची खरी लढाई रात्री दोन-अडीचला होती: स्टिरॉइडने झोप मोडलेली, खोली शांत, आणि श्वासाकडे लक्ष गेलं की तो अपुरा वाटायला लागायचा. स्टिरॉइड मन अस्वस्थ करतं. १९७२ च्या बोस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत मानसिक त्रासाचं प्रमाण ४० मिलिग्रॅमपर्यंत १.३ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के निघालं होतं. ते मोठे त्रास. नुसती तगमग आणि झोपमोड त्याहून कितीतरी जास्त जणांना होते. ‘हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?’ असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, थोडे आहेत, आणि त्यांच्यामागेही गोळी आहे. मग त्यांनी एका वहीत लिहायला सुरुवात केली: दम केव्हा लागला, काय करत होते, किती वेळात बसला, शून्य ते दहात किती. वहीला समास आखलेला होता.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. उंच खुर्चीवरून उठणं-बसणं, मग खुर्ची हळूहळू ठेंगणी. भिंतीला टेकून दंड. रबरी पट्टा. स्टिरॉइड चालू असताना स्नायू बांधता येतात का, ही शंका रास्त आहे. हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरचा १९९८ चा एक छोटा अभ्यास सांगतो की येतात, आणि जे करत नाहीत त्यांचे झिजत राहतात. पाठीच्या कण्यावर वाकून भार येईल असं काही दिलं नाही, स्टिरॉइडने हाडंही ठिसूळ होतात आणि मणका दबला तर छाती आणखी आखूड होते. श्वास ओढायचं छोटं यंत्रही दिलं, दाबाच्या ३० टक्क्यांवर लावून, दिवसातून दोनदा तीस श्वास. अशा रुग्णांत त्याचा पुरावा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराइतका भरभक्कम नाही. बाईंना ते आवडलं, म्हणून चालू ठेवलं.

सहाव्या आठवड्यात उठण्याचा आकडा आठ झाला. डोस १२.५.

नवव्या आठवड्यात एका सकाळी बाईंचा फोन आला. आवाज बारीक. ‘हा तो दम नाही.’ काय वेगळं आहे विचारलं, तर वही समोर ठेवूनच बोलत होत्या: बसल्या जागी लागतोय, पंख्याने उतरत नाही, पाय दमलेले नाहीत, उजव्या बाजूला श्वास घेताना टोचतंय. ताप? ९९.१. ऑक्सिमीटर ९१. मी पुढचं काही विचारलं नाही, लगेच हॉस्पिटलला जायला सांगितलं आणि डॉक्टरांना कळवलं.

उजव्या खालच्या भागात न्यूमोनिया होता. स्टिरॉइड ताप झाकतं, त्यामुळे ९९ चा ताप अशा माणसात १०२ इतकाच गंभीर धरायचा. गुठळी आणि मेथोट्रेक्सेटचा दाह यांचाही विचार करून ते बाजूला केले गेले. मेथोट्रेक्सेट तात्पुरतं थांबवलं, प्रतिजैविकं दिली, आणि स्टिरॉइड कमी न करता वाढवलं, कारण झोपलेल्या ग्रंथी आजारपणाचा ताण पेलू शकत नाहीत. काही महिन्यांपूर्वी गोळी बंद करणाऱ्या बाईंनी भरती होतानाच नर्सला सांगितलं, ‘माझं प्रेडनिसोलोन चुकवायचं नाही, उलटी झाली तर इंजेक्शन द्या.’ तसं लिहिलेलं कार्डही त्यांच्या पर्समध्ये होतं. पाच दिवसांत घरी आल्या.

आमचे दोन आठवडे वाया गेले, आकडा परत सहावर. मग पुन्हा उंच खुर्चीपासून.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. डोस ६ मिलिग्रॅमवर आहे आणि महिन्याला एकेक मिलिग्रॅमने उतरतोय. उठण्याचा आकडा १२. उताणं झोपल्यावरची घट ९ टक्क्यांवर आली, ओढण्याचा दाब ६६, वजन ६६. जिना एका दमात होतो, सामान हातात नसेल तर. उतरत्या डोसच्या पहिल्या आठवड्यात दरवेळी अंग गळून जातं. ते ग्रंथींचं आळसावणं की आजाराची कुरकुर, हे प्रत्येक वेळी सीआरपी करून बघावं लागतं, आणि एकदा ती कुरकुरच निघाली. ५ च्या आसपास पोचल्यावर सकाळचं कॉर्टिसोल तपासायचं ठरलं आहे.

पंखा अजून उशीखाली आहे. परवा विचारलं, वापरता का, तर म्हणाल्या, ‘नाही. पण तिथून हलवू नका.’